धारणी तालुक्यातून शिक्षणशास्त्रात एम.ए.: ऑनलाइन घ्यावं की दूरशिक्षणातून?

रानवाट_धारणी विचारतात:

नमस्कार सर, मॅडम. मी जिल्हा परिषद शाळेवर पहिली ते चौथीला शिकवते. बी.ए. आणि डी.एड. झालं आहे, बी.एड. नाही. नोकरी सांभाळून शिक्षणशास्त्रात एम.ए. करायचं आहे. चौकशी करायला गेलं की प्रत्येक जण वेगळं सांगतो. कोणी म्हणतं ऑनलाइन पदवीला किंमत नाही, कोणी म्हणतं एम.एड.च कर, तालुक्यातला एक जण तर "फक्त फी भरा, बाकी आम्ही पाहतो" म्हणून मागेच लागला आहे.

नेमकं विचारायचं ते असं:

एम.ए. शिक्षणशास्त्र आणि एम.एड. यांत फरक काय, आणि एम.ए. झाल्यावर पुढे काय करता येतं?

गावात फोर-जी येतं-जातं. लाइट गेली की थोड्या वेळात टॉवरही बंद पडतो. अशा ठिकाणी पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रम झेपतो का?

स्वाध्याय, परीक्षा, प्रबंध हे शाळेच्या वेळापत्रकात कसं बसवायचं? शाळेत आम्ही दोनच शिक्षक आहोत. वर मतदार यादीचं बीएलओचं काम आहेच.

माध्यमाचीही अडचण आहे. शिक्षण सगळं मराठीत झालं, हिंदी वाचता येतं, इंग्रजीत उत्तर लिहिणं जड जाईल.

---

सेवाग्राम_रोड:

मॅडम, आधी त्या "बाकी आम्ही पाहतो" वाल्याला लांब ठेवा. दूरशिक्षण आणि ऑनलाइन अभ्यासक्रम विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२० च्या विनियमांखाली चालतात आणि त्यात फ्रँचायझी देऊन प्रवेश आणि परीक्षा चालवायला मनाई आहे. प्रवेश घेण्याआधी यूजीसीच्या दूरशिक्षण मंडळाच्या संकेतस्थळावर तीन गोष्टी जुळतात का ते पाहायचं: विद्यापीठाचं नाव, नेमका अभ्यासक्रम, आणि तुम्ही घेताय ते सत्र. विद्यापीठ मान्य आहे म्हणून त्याचा प्रत्येक अभ्यासक्रम मान्य असतोच असं नाही, आणि गेल्या वर्षी मान्य होता म्हणून यंदा असेल असंही नाही. लोक इथेच फसतात. यादीचं पान त्याच दिवशी पीडीएफ करून ठेवा.

दुसरी खुबी हद्दीची. परराज्यातल्या राज्य विद्यापीठाला आपल्या हद्दीबाहेर दूरशिक्षणाची केंद्रं काढता येत नाहीत. पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रमाला मात्र हद्दीचं बंधन नाही. इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, देशभर चालतं, नागपूरला त्यांचं प्रादेशिक केंद्र आहे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची विभागीय केंद्रं अमरावती आणि नागपूर अशी दोन्हीकडे आहेत. म्हणजे परराज्यातल्या विद्यापीठाचं "अधिकृत दूरशिक्षण केंद्र" अशी पाटी तालुक्यात दिसली तर तिथे थांबायचंच नाही.

किमतीचं म्हणाल तर मान्यताप्राप्त विद्यापीठाची, मंजूर अभ्यासक्रमाची दूरशिक्षण किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरावी, हे यूजीसीने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. कोणी नाकारलं तर तोंडी वाद घालू नका, लेखी कारण मागा.

आता एम.ए. आणि एम.एड. या दोन वेगळ्या वाटा आहेत. एम.एड. हा राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या (एनसीटीई) मान्यतेखालचा व्यावसायिक अभ्यासक्रम. त्याला आधी बी.एड.सारखी अध्यापक शिक्षणाची पदवी किंवा पदवीसोबत डी.एड. लागतं, तो प्रत्यक्ष हजर राहून करायचा असतो. "घरबसल्या एम.एड." अशी जाहिरात दिसली की समजून जा. एम.ए. शिक्षणशास्त्र हा इतिहास-मराठीच्या एम.ए.सारखा ज्ञानशाखेचा अभ्यासक्रम. इग्नूत कोणत्याही शाखेचा पदवीधर घेऊ शकतो, बी.एड.ची अट नाही. आणि बी.एड.ची अट नाही म्हणूनच तो बी.एड.ची जागा घेत नाही, एवढं पक्कं ध्यानात ठेवा. नुसत्या एम.ए.वर माध्यमिकची शिक्षक अर्हता मिळत नाही.

करता काय येतं? शिक्षणशास्त्र विषयात नेट आणि सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा देता येतात. पीएच.डी.ला प्रवेश मागता येतो, पण पीएच.डी. दूरशिक्षणातून किंवा ऑनलाइन होत नाही. ती अर्धवेळ करायची तर कार्यालयाचं ना-हरकत पत्र लागतं. बी.एड. कॉलेजात शिकवण्यासाठी एनसीटीईच्या २०१४ च्या निकषांत शिक्षणाच्या पायाभूत विषयांकरता एक पर्याय असा आहे: शिक्षणशास्त्रात एम.ए. ५५ टक्के आणि सोबत बी.एड. ५५ टक्के. म्हणजे तुमच्या बाबतीत एम.ए.सोबत बी.एड.ही केव्हातरी लागणारच. तुम्ही डी.एड. झालेल्या आणि सेवेत असलेल्या, त्यामुळे दूरशिक्षणाच्या बी.एड.साठी जो गट धरला आहे त्यात तुम्ही बसता. प्रवेश त्या वर्षी सुरू आहे का, बी.ए.ला किती टक्के लागतात, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहा.

आणि पगाराचं स्वच्छ सांगतो. पदवी हाती आली म्हणून वेतनवाढ आपोआप लागत नाही. वेतनवाढीसाठीच करायचं असेल तर हा मार्ग नाही. वर्गात आपण जे करतो ते का करतो आणि त्याने मुलांचं खरंच काही होतं का, हे तपासायची पद्धत शिकायची असेल तर याच्यासारखा अभ्यासक्रम नाही. माझं मत विचाराल तर दोन शिक्षकी शाळेवरच्या माणसाला हे शहरातल्यापेक्षा जास्त कामाचं आहे, कारण इथे एकाच खोलीत चार वर्ग समोर असतात.

---

पैनगंगा_काठ:

सरांनी ५५ टक्क्यांचा विषय काढला, तो अर्ध्यावर सोडू नये. इग्नूत उत्तीर्ण व्हायला ४० टक्के पुरतात, म्हणून लोक निवांत राहतात. पण खुल्या प्रवर्गाला नेटसाठी पदव्युत्तरला ५५ टक्के लागतात, आणि ते वर सरकवून धरत नाहीत. ५४.९ म्हणजे नाहीच. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग यांना ५० टक्के.

इग्नूत स्वाध्यायांना ३० टक्के वजन आणि सत्रान्त परीक्षेला ७०. गणित करून पाहा. स्वाध्यायात सरासरी ८० मिळाले तर त्याचे २४ झाले. ५५ गाठायला परीक्षेतून ३१ हवेत, म्हणजे पेपरात शंभरपैकी साधारण ४५. स्वाध्यायात ६० वर राहिलात तर परीक्षेत ५३ लागतात. शाळा, बीएलओ, घर सांभाळून पेपरात ४५ आणणं आणि ५३ आणणं यात फार अंतर आहे. म्हणून स्वाध्याय ही उरकायची गोष्ट समजू नका, सगळ्यात स्वस्त गुण तिथेच आहेत. स्वाध्याय आणि परीक्षा दोन्हींत वेगवेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं, हेही आहे.

वेळ किती लागतो? इग्नूत एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास. वर्षाला ३२ श्रेयांक धरले तर ९६० तास, आठवड्याला १८ च्या आसपास. रोज दोन तास आणि रविवारी पाच-सहा. कमीत कमी मुदत दोन वर्षं, जास्तीत जास्त चार. पहिल्याच दिवशी ठरवून टाका की तीन वर्षांत करायचं आहे. दोनचा हट्ट धरून मधेच सोडण्यापेक्षा ते चांगलं.

आता आपल्या विदर्भाचं. इग्नूच्या परीक्षा जून आणि डिसेंबरात. बाकी महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला उघडतात, आपल्याकडे उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्यात नाहीतर जुलैच्या तोंडावर. म्हणजे जूनची परीक्षा बरीचशी आपल्या सुटीत पडते, रजेचा प्रश्नच कमी. मोठे, जड पेपर जूनमध्ये ठेवा. डिसेंबरात शाळा भर रंगात असते, आणि नागपूर केंद्र घेतलं तर त्याच सुमारास तिथे हिवाळी अधिवेशन असतं. लॉजवर जागा मिळत नाही, मिळाली तर भाडं दुप्पट. डिसेंबरात एक-दोनच पेपर घ्या आणि केंद्र अमरावती किंवा अकोल्याकडचं मिळतं का ते फॉर्म भरताना पाहा. पेपर सकाळी १० ते १ आणि दुपारी २ ते ५ अशा वेळांत असतात. धारणीहून पहाटेच्या गाडीने निघून १० चा पेपर गाठायचा बेत करू नका. घाटात एक ट्रक आडवा झाला की पेपर गेला.

स्वाध्यायाची मुदत जूनच्या परीक्षेसाठी साधारण मार्चअखेर आणि डिसेंबरच्या परीक्षेसाठी सप्टेंबरअखेर असते. मुदत बरेचदा वाढते, पण तिच्यावर विसंबू नका, कारण मार्च म्हणजे शाळेचा वर्षअखेर. दिवाळीच्या सुटीत तीन आणि जानेवारी संपायच्या आत उरलेले, असं बसवा.

लोक कुठे अडकतात? दुसऱ्या वर्षाची पुनर्नोंदणी. पहिल्या वर्षाचा निकाल लागला नाही, पेपर दिले नाहीत, एखादा राहिला, तरी दुसऱ्या वर्षाची पुनर्नोंदणी मुदतीत वेगळी करावी लागते. "निकाल लागला की भरू" म्हणणाऱ्याचे सहा महिने नाहीतर वर्ष जातं. तसंच परीक्षेचा फॉर्म वेगळा आणि त्याची फी पेपरागणिक वेगळी. प्रवेशाची फी भरली म्हणजे परीक्षेला बसलो असं होत नाही.

---

रानवाट_धारणी:

मनापासून आभार. पूर्ण ऑनलाइनचं काय? एका विद्यापीठाच्या जाहिरातीत परीक्षा घरूनच असं लिहिलं आहे. धारणी-अमरावती वाचेल म्हणून मोह होतो आहे.

---

पर्लकोटा:

ताई, मोह सोडा असं म्हणणार नाही, पण आधी मोजून घ्या. आमच्या भामरागड भागात पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ता, लाइट, नेटवर्क सगळं एकाच वेळी जातं. तुमच्याकडे तेवढं नसेल, पण रीत तीच.

दूरशिक्षणात अभ्यास पुस्तकावर चालतो. इग्नूचं साहित्य ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर फुकट पीडीएफमध्ये आहे. बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेलात की एकदाच उतरवून मोबाइलवर ठेवा, मग नेटची गरज नाही. पूर्ण ऑनलाइनमध्ये व्हिडिओ पाहणं, चर्चामंचावर लिहिणं, चाचण्या सोडवणं, या सगळ्याची नोंद प्रणालीत होते आणि तोच तुमचा सहभाग धरला जातो. महिनाभर नेट नव्हतं हे त्या प्रणालीला कळत नाही. म्हणून ऑनलाइन घेण्याआधी विद्यापीठाला ईमेलवर तीन गोष्टी विचारा: व्हिडिओ उतरवून ठेवता येतात का, थेट तासाला हजेरी सक्तीची आहे की नंतर रेकॉर्डिंग पाहिलेलं चालतं, आणि परीक्षा घरून आहे की केंद्रावर. उत्तर लेखीच घ्या.

घरून परीक्षा म्हणजे लॅपटॉपचा कॅमेरा आणि माइक पूर्ण वेळ सुरू. तुम्ही बाजूला पाहिलं, मागून कोणी गेलं, कॅमेऱ्यासमोरून चेहरा हलला की संशयाची खूण पडते. नेट तुटलं तर काही ठिकाणी परत आत घेतात, काही ठिकाणी पेपर तिथेच बंद होतो. इथे डाउनलोडच्या वेगापेक्षा अपलोडचा वेग महत्त्वाचा, कारण तुमचं चित्र तिकडे जात असतं. आपण यूट्यूब चाललं म्हणजे नेट चांगलं समजतो, पण ते डाउनलोड. वेगचाचणी परीक्षेच्याच वेळी, सलग आठवडाभर, रोज करून अपलोडचा आकडा लिहून ठेवा. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा, कारण एका टॉवरचं बॅकअप संपलं की त्या टॉवरवरचं सगळं जातं. मोबाइलचं नेट लॅपटॉपला हॉटस्पॉटने न देता यूएसबी केबलने द्या. जोडणी स्थिर राहते आणि मोबाइल चार्जही होतो. लॅपटॉपची बॅटरी जुनी असेल तर ती परीक्षेआधी बदला. इन्व्हर्टर असला तरी टॉवरची वीज तुमच्या हातात नाही, हे विसरू नका. सगळ्यात बरा उपाय म्हणजे पेपरपुरतं धारणी किंवा परतवाड्याला नातेवाइकाकडे बसणं. आणि मग घरूनच परीक्षेचा फायदा राहिला कुठे? मी तुमच्या जागी असेन तर दूरशिक्षणच घेईन.

नेट नसताना ऐकायला-पाहायला डीडी फ्री डिशचा उपयोग होतो. ज्ञानदर्शन आणि स्वयंप्रभाच्या शैक्षणिक वाहिन्या त्यावर दिसतात. वेळापत्रक आधी पाहून ठेवलं तर बरं पडतं.

स्वाध्याय ऑनलाइन चढवायचा असेल तर एवढं पाळा. हाताने लिहायचं, ए-फोर कागद, एकच बाजू, निळी किंवा काळी शाई. डाव्या बाजूला चार बोटं समास. पहिल्या पानावर नाव, नोंदणी क्रमांक, अभ्यासक्रमाचा आणि विषयाचा संकेतांक, अभ्यासकेंद्र, तारीख. मोबाइलच्या स्कॅनर अॅपमध्ये ग्रेस्केल निवडा. रंगीत ठेवलं की फाइल फुगते, निव्वळ काळं-पांढरं केलं की निळी शाई तुटक दिसते. दिवसा खिडकीशी कागद ठेवून स्कॅन करा. रात्री बल्बखाली केलं की हाताची सावली मधल्या चार ओळींवर पडते आणि परीक्षक त्या ओळी वाचत नाही. एका विषयाची एकच पीडीएफ, पानं क्रमाने, फाइलच्या नावात नोंदणी क्रमांक आणि विषयसंकेतांक. चढवल्यावर उघडून पाहा आणि पोच जपून ठेवा. केंद्रावर प्रत्यक्ष दिलंत तर पावती घ्या आणि झेरॉक्स ठेवा. निकालात स्वाध्यायाचे गुण दिसले नाहीत तर त्या पावतीशिवाय तुमच्या हातात काहीच नसतं.

---

सेवाग्राम_रोड:

माध्यमाचं राहिलं होतं. इग्नूत हा अभ्यासक्रम हिंदी आणि इंग्रजीत आहे, मराठीत उत्तरं लिहिता येत नाहीत. आपल्या भागातल्या शिक्षकांना हिंदीत लिहिणं जमतं, फक्त पारिभाषिक शब्द अडतात: परिकल्पना, विश्वसनीयता, नमुना निवड. एका वहीत मराठी, हिंदी, इंग्रजी असे तीन रकाने पाडून पुस्तकाच्या पहिल्या भागापासून भरत जा. मराठीतूनच करायचं असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विद्याशाखेची माहितीपुस्तिका पाहा. त्यांचं साहित्य मराठीत असतं. कोणत्या अभ्यासक्रमाला यंदा प्रवेश सुरू आहे ते तिथेच कळेल.

स्वाध्यायात गुण कशाने मिळतात याबद्दल थोडं. बाजारात तयार उत्तरांच्या पीडीएफ विकत मिळतात. परीक्षकाकडे त्याच उत्तराच्या पन्नास प्रती येतात, त्याला पहिल्या परिच्छेदात कळतं. पुस्तकातली संकल्पना चार-सहा ओळींत नेमकी मांडा, आणि मग तिला आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण द्या. मूलोद्योगी शिक्षणावर (गांधीजींची हस्तोद्योगातून शिकवण्याची योजना) प्रश्न आला तर आपण त्याच्या जन्मगावाशेजारी राहतो: २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात परिषद झाली, झाकिर हुसेन समिती तिथूनच नेमली गेली, पुढचं काम सेवाग्रामला चाललं. शिक्षणातल्या समान संधीवर प्रश्न असेल तर बालकांच्या शिक्षणहक्काच्या कायद्याखालच्या नियमांतली शाळेच्या अंतराची एक किलोमीटर आणि तीन किलोमीटरची अट घ्या आणि पावसाळ्यात नाल्यापलीकडच्या पोडावरून, ढाण्यावरून येणाऱ्या मुलाला ते एक किलोमीटर काय असतं ते लिहा. बहुजन शिक्षणावर लिहायचं तर अमरावतीची, पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये काढलेली शिवाजी शिक्षण संस्था समोर आहे. जाणत्याच्या मदतीने मूल पुढे जातं हा वायगोत्स्कीचा विचार समजावताना लॅपटॉप-प्रयोगशाळेचं उदाहरण कशाला? चौथीतली मुलगी पहिलीतल्या भावाला बेरीज शिकवते, तुमच्या वर्गात ते रोज घडतं. तेच लिहा, फक्त ती नेमकी कुठे मदत करते आणि कुठे थांबते ते बारकाईने लिहा.

---

नमुना_निवड:

प्रबंधावर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. बरेच जण सगळे पेपर पास होऊन इथेच अडकून राहतात.

नेहमीचा विषय असा येतो: "अमुक पद्धतीची परिणामकारकता." एका वर्गाची पूर्वचाचणी, चार महिने पद्धत, मग उत्तरचाचणी, गुण वाढले, निष्कर्ष तयार. मार्गदर्शक हे परत पाठवतात आणि बरोबर करतात. दुसरीतलं मूल चार महिन्यांत असंही पुढे जातंच. वाढ पद्धतीमुळे झाली की वयामुळे, की नुसतं रोज शाळेत आल्यामुळे, हे कळायला तुलनेचा दुसरा गट हवा. आणि आपल्याकडे एका शाळेत दुसरीत सहा मुलं! सहा मुलांवर टी-चाचणी (सरासरींतला फरक खरा की योगायोगाचा ते पाहणारी) लावून काही हाती लागत नाही. मग दोनच रस्ते उरतात. एक, आपल्या केंद्रशाळेखालच्या आठ-दहा शाळा घ्यायच्या, अर्ध्यांत प्रयोग, अर्ध्यांत नेहमीचं अध्यापन. दोन, मुलं थोडीच घ्यायची पण खोलात जायचं, म्हणजे वाचनातल्या चुकांचं विश्लेषण किंवा व्यक्ती-अभ्यास. रानवाट मॅडम, तुमच्यासाठी दुसरा रस्ता सुचवतो.

तुमच्या मेळघाटात प्रबंध करणाऱ्याने कॅलेंडर आधी पाहावं. दिवाळीनंतर कुटुंबं कामाला बाहेर पडतात ती होळीला परततात. पूर्वचाचणी ऑगस्टमध्ये आणि उत्तरचाचणी जानेवारीत ठेवली तर चाळीस मुलं घेतली असतील तर त्यातली कितीतरी दुसऱ्या वेळी सापडतच नाहीत. आणि जी राहतात ती बहुधा ज्यांच्या घरी थोडी शेती किंवा नोकरी आहे त्यांची. म्हणजे नुसता नमुना कमी होत नाही, तो एका बाजूला झुकतो. जुलैत सुरू करून दिवाळीआधी संपवा, नाहीतर होळीनंतर धरा. गळती झालीच तर किती मुलं गेली, का गेली, हे प्रबंधात लिहा. लपवल्याने प्रबंध कमजोर होतो, लिहिल्याने नाही.

चाचणीचं साधन. अक्षर, शब्द, साधा उतारा, गोष्ट अशा चढत्या पायऱ्यांची वाचनचाचणी आपण शाळेत वापरतोच, तिच्याच धर्तीवर करा. उतारा पाठ्यपुस्तकातला घेऊ नका. मूल घडाघडा म्हणतं, आपण "वाचतो" अशी नोंद करतो, पण जवळ बसून पाहिलं तर बोट "झाड" वर आणि तोंडात "पक्षी". चित्र पाहून त्याने पाठ ओळखलेला असतो. चित्र नसलेला, नवा, पण त्याच इयत्तेच्या शब्दांचा उतारा लिहून घ्या. सूचना कोरकूत, मुलांच्या घरच्या भाषेत, द्या. मराठीत सूचना देऊन मूल गप्प बसलं तर ते वाचता येत नाही म्हणून गप्प आहे की काय करायचं ते कळलं नाही म्हणून, हे तुम्हाला सांगता येणार नाही. अंगणवाडी सेविका किंवा गावातली बारावी झालेली मुलगी सोबत घ्या, पण सूचनेची वाक्यं आधी लिहून पक्की करा, म्हणजे प्रत्येक मुलाला तीच वाक्यं ऐकू येतील.

मुख्य नमुन्याबाहेरच्या दहा-पंधरा मुलांवर चाचणी आधी करून पाहा. पंधरवड्याने त्याच मुलांवर पुन्हा करा आणि दोन वेळच्या गुणांचा सहसंबंध, म्हणजे ते किती जुळतात त्याचा आकडा, काढा. ०.७ च्या खाली आला तर चाचणी सुधारा, पुढे जाऊ नका. मूल वाचताना मोबाइलवर आवाज मुद्रित करून ठेवला आणि दुसऱ्या शिक्षकाला ऐकवून त्याच्याकडून वेगळी नोंद घेतली, तर तुमच्या नोंदींवर कोणी बोट ठेवू शकत नाही. सांख्यिकीसाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही; सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध, टी-चाचणी हे सगळं एक्सेलमध्ये होतं.

परवानग्या: मुख्याध्यापकांची लेखी, दुसऱ्या शाळांत जायचं तर गटशिक्षणाधिकाऱ्यांची, आणि पालकांची संमती त्यांच्या भाषेत समजावून. मुलांची नावं प्रबंधात येता कामा नयेत, क-१, क-२ असे संकेत द्या.

नक्कल तपासणीचं लक्षात असू द्या. यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत असेल तर सुधारून परत द्यावं लागतं. "संबंधित संशोधनाचा आढावा" हे प्रकरण बहुतेक जण दुसऱ्याच्या प्रबंधातून उचलतात आणि तिथेच सापडतात. वीस संशोधनं नावापुरती देण्यापेक्षा आठ वाचा आणि प्रत्येकातून आपल्या प्रश्नाला काय मिळालं ते लिहा.

---

रानवाट_धारणी:

दूरशिक्षणच घेणार, ठरलं. विषयही बहुतेक वाचनातल्या चुकांचाच घेईन. आता अर्ज भरायला बसू का, की आधी कार्यालयाची परवानगी?

---

वऱ्हाडी_बाई:

आधी परवानगी, बाई. मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या आणि आवक क्रमांकाची प्रत हातात घ्या. अर्जात अभ्यासक्रमाचं नाव, विद्यापीठ, कालावधी, आणि "शालेय कामकाजाच्या वेळेत अध्ययन करणार नाही, संपर्क सत्रं सुटीच्या दिवशी" हे वाक्य ठेवा. परवानगी नसताना पदवी घेतली तर सेवापुस्तकात नोंद करताना आस्थापनेवाले अडवतात आणि मग मागच्या तारखेची परवानगी कोणी देत नाही. पदवी झाली की गुणपत्रकाच्या साक्षांकित प्रती देऊन ती नोंद करून घ्या, स्वतः जाऊन पाहून या.

परवानगीचा कागद फिरतो तोवर ओळखपत्रांचं काम उरकून घ्या. दूरशिक्षण आणि ऑनलाइन प्रवेशाला आता यूजीसीच्या दूरशिक्षण मंडळाचा डीईबी आयडी लागतो, आणि तो काढायला आधी श्रेयांक जमा ठेवणारा एबीसी आयडी. एबीसी आयडी डिजिलॉकरमधून आधारवर निघतो, ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो. तो नंबर बंद पडला असेल तर अर्जाच्या शेवटच्या दिवशी कळू नये.

आणि आपल्या बायकांना खास अडचण येते ती नावाची. आधारवर सासरचं नाव, बी.ए.च्या गुणपत्रकावर माहेरचं. दोन्ही जुळलं नाही की अर्ज छाननीत अडकतो. राजपत्रात नावबदल झाला असेल तर ती प्रत, नसेल तर विवाह नोंदणी दाखला, स्कॅन करून तयार ठेवा. अर्जात नाव कोणतं टाकायचं ते विद्यापीठाच्या पुस्तिकेप्रमाणे आधी ठरवा आणि मग एबीसी, डीईबी, प्रवेश अर्ज, बँक सगळीकडे स्पेलिंगसकट तेच ठेवा. नवऱ्याच्या नावात एकीकडे 'राव' आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरूनही अर्ज परत येतात. ग्रामपंचायतीचा विवाह दाखला नसेल तर ग्रामसेवकांना उद्याच भेटा, त्याला वेळ लागतो.